चिठ्ठी मागणारा दुकानदार

आमच्या मोहल्ल्यात औषधांची दोन दुकाने आहेत. आपण त्यांना ‘मेडिकल’ म्हणतो. पहिल्या दुकानात नेहमी गर्दी असते. ‘ताप आहे, खोकला आहे’ एवढे म्हटले, की गोळ्यांची पुडी हातात पडते. दुसऱ्या दुकानदाराचे मात्र प्रश्न संपत नाहीत. औषध कोणासाठी? वय किती? डॉक्टरांची चिठ्ठी कोठे आहे? म्हणून लोक पहिल्याला भला माणूस म्हणतात आणि दुसऱ्याला खडूस. मीही तसेच म्हणत असे.

एकदा अम्मींचा घसा दुखू लागला. मी पहिल्या दुकानातून कॅप्सूल आणल्या. दुकानदाराने पट्टीतून चारच कापून दिल्या. त्या तुकड्यावर औषधाचे नाव अर्धेच होते. रात्री अम्मींच्या अंगावर लाल चट्टे उठले, ओठ सुजले. आम्ही त्यांना रिक्षाने सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी विचारले, “कोणते औषध दिले होते?” मला नाव सांगता येईना. बिलही घेतले नव्हते. मुलांना वाचायला शिकवणारा मी मान खाली घालून उभा राहिलो.

अम्मी बऱ्या झाल्या. पुढे मी ही हकिकत दुसऱ्या दुकानदाराला सांगितली. तो म्हणाला, “सर, अम्मींना पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला होता का?” झाला होता. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने. पण पहिल्या दुकानात ते कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न विचारणे हा त्या दुकानदाराचा खडूसपणा नाही. ते त्याचे कामच आहे. फार्मासिस्ट औषधांचे शिक्षण घेतो आणि सरकारदरबारी नाव नोंदवतो. 1948 सालापासून आपल्या देशात त्यासाठी कायदा आहे. काही औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक औषधे त्यांपैकीच होत. त्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. साध्या सर्दीवर ती चालत नाहीत. ती उगाच घेतली, तर जंतू निर्ढावतात आणि खऱ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही.

कोणी म्हणेल, “सर, यंत्रमागावरच्या मजुराने दिवसाचा रोज बुडवून डॉक्टरकडे कसे जावे? फी कोठून द्यावी?” ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी सरकारी दवाखाना आहे. 2008 सालापासून स्वस्त औषधांची जनऔषधी दुकानेही निघाली आहेत. अंदाजाने घेतलेली गोळी स्वस्त वाटते, पण ती कधी फार महाग पडते.

घरातून औषध आणायला बहुधा तुम्हालाच पाठवतात. तेव्हा चिठ्ठी सोबत न्या. गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची, जेवणाआधी की जेवणानंतर, हे विचारा. मुदतीची तारीख पाहा. पट्टी कापून घेतली, तर नाव आणि तारीख लिहून घ्या. बिल मागा. कोणाला एखादे औषध सोसत नसेल, तर न विचारताही सांगा. मराठी अडखळली तरी लाजू नका.

आता मी दुसऱ्याच दुकानात जातो. तो अजूनही चिठ्ठी मागतो. मी ती आधीच खिशातून काढून ठेवतो.