किराणा मालालाही हप्ता!

घर, मोटार किंवा फ्रिज हप्त्यांवर घेणे शहरी मध्यमवर्गाला नवे नाही. या वस्तू अनेक वर्षे वापरात राहतात. त्यामुळे त्यांची किंमत विभागून देण्यामागे काही हिशेब असतो. गेल्या दशकभरात मात्र हप्तेबंदीने किराणा, कपडे, औषधे आणि बाहेरून मागविलेल्या जेवणापर्यंत मजल मारली. ‘आता खरेदी करा, पैसे नंतर द्या’ हे या सेवांचे ब्रीद. येथे हप्ता फिटण्यापूर्वीच वस्तू संपलेली असते आणि पुढील महिन्याचा किराणा घेताना मागील महिन्याच्या किराण्याचे देणे डोक्यावर असते. रोजच्या खर्चासाठी घेतलेल्या कर्जातला खरा धोका हाच आहे.

उधारी आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील वहीवर कित्येक कुटुंबांचा महिना निघत असे. परंतु त्या उधारीत दुकानदाराचे स्वतःचे भांडवल अडकलेले असे. गिऱ्हाइकाचा पगार किती, घरात खाणारी तोंडे किती, हे त्याला ठाऊक असे. वही जाड होऊ लागली की तोच हात आखडता घेई. मोबाइलवरील उधारीत विक्रेत्याला त्याचे पैसे लगेच मिळतात. उलट या सेवेसाठी तो स्वतः दलाली मोजतो, कारण ही सोय दिली की ग्राहक अधिक खरेदी करतो, असा त्याचा होरा असतो. थोडक्यात, ग्राहकाला थांबविण्यात ज्याचे हित होते तो दुकानदार या व्यवहारातून बाजूला झाला आहे.

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दप्रयोगाचाही हिशेब मांडून पाहायला हवा. समजा, २४ हजार रुपयांचा मोबाइल क्रेडिट कार्डावर दरमहा दोन हजारांच्या १२ हप्त्यांत घेतला. बँकेचा व्याजदर वार्षिक १५ टक्के धरला, तर या हप्त्यांत सुमारे १,८४० रुपये व्याजाचे असतात. तेवढीच सूट विक्रेता किंवा उत्पादक देतो, म्हणून हप्ता बिनव्याजी दिसतो. मात्र व्याजावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३३० रुपये, ग्राहकाच्याच माथी येतो. बहुधा प्रक्रिया शुल्कही लागते. शिवाय तीच सूट रोखीने घेणाऱ्याला मिळत असेल, तर हप्तेवाल्याने व्याज भरले असाच त्याचा अर्थ होतो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

रक्कम लहान असली की विलंब शुल्क अधिक जाचते. हजार रुपयांच्या देण्याला महिनाभर उशीर झाला आणि शंभर रुपये आकारले गेले, तर तो महिन्याला १० टक्के दर झाला. रुपयांत मोजताना तो किरकोळ वाटतो, एवढेच. त्याहून दूरगामी परिणाम पतनोंदीवर होतो. भाजीसाठी घेतलेली उधारीही कागदोपत्री कर्जच असते आणि ती पतमाहिती कंपन्यांकडे नोंदविली जाते. काही शे रुपयांची विसरलेली थकबाकी पुढे गृहकर्जाच्या वेळी समोर उभी राहू शकते.

नियामक स्वस्थ बसलेला नाही. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिगरबँक कंपन्यांच्या प्रीपेड कार्डांत आणि वॉलेटमध्ये कर्जाऊ रक्कम भरण्यास मनाई केली. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्ज नियमांनी कर्जाचा एकूण वार्षिक खर्च आधी सांगणे सक्तीचे केले, ग्राहकाच्या संमतीविना कर्जमर्यादा वाढविण्यास बंदी घातली आणि ठरावीक मुदतीत दंडाविना कर्जातून बाहेर पडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहककर्जांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के करण्यात आला. याच वर्षाच्या अखेरीस ‘झेस्टमनी’ या बेंगळुरूच्या कंपनीने गाशा गुंडाळला.

या सेवांची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या प्रारंभी १० कोटींवर गेली असली, तरी १४० कोटींच्या देशात बहुसंख्य लोक या सोयीपासून दूर आहेत. ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे, त्यांना आजारपणात किंवा शाळेच्या प्रवेशावेळी थोडी मुदत मिळणे सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा बरे. अडचण सुरू होते ती मुदत सवय बनते तेव्हा. तीन-चार ॲपवर स्वतंत्र तारखांना देणी असली की एकूण किती रक्कम फेडायची आहे, हेच कुटुंबाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक हप्ता परवडणारा, पण बेरीज न परवडणारी, अशी ही अवस्था असते.

२०२२-२३ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे पाच टक्क्यांवर, म्हणजे अनेक दशकांतील नीचांकावर आली. त्यामागे वाढत्या कर्जांचा मोठा वाटा होता आणि त्यात घरखरेदीचीही कर्जे होती. घराच्या कर्जातून निदान मालमत्ता उभी राहते. तेल-तांदळाच्या कर्जातून काहीच उरत नाही. कर्जाचा खरा खर्च दाखवा, असे नियम कंपन्यांना सांगू शकतात. तो वाचून ‘नको’ म्हणणे मात्र ग्राहकाच्याच हाती आहे. दुकानदाराची वही जे काम करीत असे, ते आता घरातल्या जमाखर्चाच्या वहीला करावे लागेल. महिन्याच्या सर्व हप्त्यांची बेरीज एका कागदावर मांडली, तरी अंथरूण केवढे आणि पाय कुठवर गेले आहेत, हे कळायला वेळ लागत नाही.