तांडेलाचा निरोप आणि आकाशातली छत्री

वेंगुर्ल्याच्या बंदरावर एका तांडेलाशी गप्पा मारताना माझ्या लक्षात आले, की समुद्रातल्या माणसाची खरी अडचण वादळ नव्हे, निरोप ही आहे. किनारा दहा-बारा किलोमीटर मागे पडला, की मोबाइल मुका होतो. उपग्रह-फोन परवान्याशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ वादळाने भरकटलेल्या केरळ-तामिळनाडूच्या बोटी आपल्या देवगडला आसऱ्याला आल्या, तेव्हा त्यांच्या घरच्यांचे दिवस कसे गेले असतील!

आता बोटींवर इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर बसतो आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. लक्ष्य एक लाख बोटींचे. संकटाचा संदेश जातो, उलट निरोपही येतो. हे काम करणारा जीसॅट-६ उपग्रह मात्र मच्छीमारांसाठी जन्मलाच नव्हता.

त्याची कहाणी गमतीची आहे. जानेवारी २००५ मध्ये अँट्रिक्स व देवास यांच्यात करार झाला तो मोबाइलवर चित्रफिती दाखवण्यासाठी. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने संरक्षणाच्या गरजेचे कारण देऊन तो रद्द केला. पुढची कोर्टबाजी वाचकांना आठवत असेलच. उपग्रह ऑगस्ट २०१५ मध्ये वर गेला. छत्तीस हजार किलोमीटरवर कोणी मेकॅनिक जात नाही; दिल्लीतले धोरण बदलले तरी यंत्र तेच राहते. पण त्याची सहा मीटरची, छत्रीसारखी उलगडणारी अँटेना एवढी मोठी, की खाली छोटेसे यंत्रही पुरते. ते यंत्र फोन असो की बोटीवरची पेटी, छत्रीला फरक पडत नाही. बदल जमिनीवर झाला, आकाशात नव्हे.

इथवर ठीक. पण जीसॅट-६ चे अपेक्षित आयुष्य नऊ वर्षांचे, म्हणजे योजना सुरू झाली त्याच महिन्यात ते पुरे झाले! इंधन असेतो उपग्रह चालतो, हे खरे. तरी मुदत ती मुदतच. त्याचा जोडीदार जीसॅट-६ए मार्च २०१८ मध्ये उडाला आणि तीन दिवसांत त्याचा संपर्क तुटला. नशिबाने साधलेल्या लवचिकतेला मी नियोजन म्हणणार नाही. एक लाख पेट्या वाटायच्या, तर वरच्या दुसऱ्या छत्रीची तारीखही त्याच कागदावर हवी.

तांडेलाला यातले काही ठाऊक नव्हते. तो डिझेल भरत होता.