सुई टेकते, टोचत नाही

काकूच्या अस्थी घेऊन काकांबरोबर काशीला गेले होते. दशाश्वमेध घाटावरचे विधी आटोपले आणि वर चढताना काकांची कंबर धरली. नानासाहेब पेशव्यांनी १७४८ साली बांधलेला हा घाट मराठी माणसाला आपला वाटतो खरा, पण त्याच्या पायऱ्या दुखऱ्या कमरेची गय करत नाहीत!

घाटावरच्या एका म्हाताऱ्या मालिशवाल्याने काकांना चटईवर पालथं झोपवलं. मला वाटलं, आता हा रगडणार. पण त्याने बराच वेळ पाठीवर नुसता तळहात ठेवला. काका कुठे आक्रसतात ते चाचपलं आणि मग हलकेच हात फिरवला. थोड्या वेळाने काका स्वतःहून उठून बसले.

घरी डॉक्टरांनी सुचवलेलं ॲक्युपंक्चर काकांनी सुईच्या धास्तीनेच टाळलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं, की जपानमध्ये न टोचणारंही ॲक्युपंक्चर असतं.

त्याचं बरंचसं श्रेय अंध उपचारकांना आहे. सतराव्या शतकातले सुगियामा वाइची हे स्वतः अंध. बारीक नळीतून सुई अलगद आत सरकवण्याची त्यांची युक्ती आज जगभर वापरतात. त्यांनी अंधांसाठी या विद्येच्या शाळाही काढल्या. डोळ्यांचं काम बोटांनी करायचं, म्हणून नाडी, पोट आणि त्वचा चाचपणं हाच तपासणीचा पाया झाला. पुढे १९५९ साली अंध उपचारकांनीच 'तोयोहारी' संघटना उभी केली. या पद्धतीत सुई बहुधा त्वचेला नुसती टेकवतात. 'तेइशिन' नावाची सुई तर बोथटच असते. मुलांसाठीच्या 'शोनिशिन'मध्ये धातूच्या छोट्या साधनाने काही मिनिटं त्वचेवर फिरवतात, हलकं थोपटतात. आपल्या बाळाच्या तेल-मालिशीची आठवण यावी असंच!

त्वचेला छेद नाही, रक्त नाही. त्यामुळे मुलं, वयस्क आणि सुईला घाबरणारे यांना हे सोसतं. मन सैलावतं, ताण उतरतो.

पण गुण कशाने येतो? अमेरिकेत २००९ साली जुन्या कंबरदुखीच्या ६३८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना खऱ्या सुया टोचल्या, तर काहींना नळीतून नुसती दात कोरायची काडी टेकवली. आठ आठवड्यांनी दोघांनाही जवळजवळ सारखाच आराम होता आणि तो नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त होता. म्हणजे टोचण्यापेक्षा स्पर्श, वेळ आणि विश्वास यांचा वाटा मोठा असावा.

मात्र यावर विसंबून दुखणं अंगावर काढू नका. पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, कंबरदुखीबरोबर ताप येणं, अशा वेळी थेट डॉक्टर गाठा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचारकाला नोंदणी विचारायला संकोचू नका. सुई टोचून घेणार असाल, तर ती नवी आणि निर्जंतुक आहे ना, तेही पाहा.

परतीच्या गाडीत काका म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासून पाठीवर कुणाचा हातच फिरला नव्हता गं."

आता रोज संध्याकाळी मी त्यांच्या पाठीला तेल लावते. कंबर अजून दुखते, पण काका डॉक्टरांकडे जायला तयार झाले आहेत. तुमच्या घरातल्या अशा एखाद्या पाठीवरून शेवटचा हात कधी फिरवलात?