लाकडावरचा शिक्का आणि कामगाराचा श्वास

देहूच्या एका अंगाला तळवड्याचे कारखाने, इंद्रायणीपलीकडे चाकणचे. या पट्ट्यातला निर्यातीचा माल लाकडी खोक्यांत आणि पॅलेटांवर चढतो, आणि त्या लाकडावर एक शिक्का असतो. शिक्का आहे म्हणजे लाकूड निर्धोक, असे मालकवर्ग सांगतो. प्रश्न एवढाच की, निर्धोक कोणासाठी?

२००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा हेतू आयातदार देशांची जंगले किडीपासून वाचविणे हा आहे. कामगाराचे आरोग्य हा त्याचा विषयच नव्हे. नियमाचे दोन मुख्य मार्ग आहेत. लाकडाचा गाभा अर्धा तास ५६ अंशांवर तापवावा, किंवा ताडपत्रीखाली मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी. पहिल्याला भट्टी लागते. दुसऱ्याला ताडपत्री, वायूची टाकी आणि कंत्राटी मजूर पुरतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला सहसा कळत नाही. फुप्फुसांवर आणि मज्जासंस्थेवर मात्र आघात करतो. ओझोनचा थर पोखरतो म्हणून मॉन्ट्रियल कराराने त्याचे इतर बहुतेक वापर टप्प्याटप्प्याने बंद केले. निर्यातपूर्व धुरीला सूट दिली. व्यापारापुढे आकाशही गौण ठरले!

युरोपीय संघाने २०१० साली स्वतःच्या भूमीवर हा वायू सर्वस्वी बंद केला. बाहेर त्याच वायूची धुरी दिलेली खोकी मात्र तो स्वीकारतो. तेथील फुप्फुसे मोलाची, येथील फुकटची! वसाहतवाद संपला असे मानणाऱ्यांनी हा शिक्का एकदा वाचावा.

खोके मोडले की लाकूड भंगारात जाते, तेथून चुलीत. धुरीचा वायू तोवर उडून गेलेला असतो, हे खरे. परंतु त्याच ढिगात तांबे, क्रोम व आर्सेनिक मुरवलेले लाकूड मिसळले, तर जाळल्यावर ते विष धुरात आणि राखेत उतरते. हे चुलीपुढच्या बाईला कोण सांगणार? चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जमीनदोस्त केली. गोदामे पाडल्याने कारखान्यांतून भंगार निघणे थांबत नाही.

उद्योग नकोत, असे कोणी म्हणत नाही. लाकूड तापवूनच शुद्ध करावे, धुरीच्या मजुरांची नियमित तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी, आणि मोडक्या लाकडाची विल्हेवाट कारखान्याच्या माथी असावी, या तीन मागण्या आहेत. कार्यकर्त्यांनी त्या कारखान्यांच्या दारांवर नेल्या पाहिजेत. शिक्क्याची किंमत कोणाच्या देहातून वसूल होते, हे तेथेच विचारावे लागेल.