हरणांसाठी आवळा : कलम नको, बी हवे

वनमहोत्सवात अनेकदा कलमी आवळ्याची एकसारखी रोपे रांगेने लावली जातात आणि वर फलक झळकतो : ‘वन्यजीवांसाठी फळझाडे’. हा दावा तपासला पाहिजे. ‘चकैया’, ‘एनए-७’ या जाती बागायतीसाठी निवडलेल्या आहेत. एका जातीची शंभर कलमे म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड, शंभर खड्ड्यांत उभे केलेले. स्वपरागणाने आवळ्याला फळ क्वचितच धरते. म्हणून जाणता बागायतदारही दोन-तीन जाती मिसळून लावतो. रानात एकाच जातीची कलमे लावणारी योजना तेवढाही विचार करत नाही.

रानआवळ्याचा प्रसार कसा होतो, हे राजाजी आणि मुदुमलाई येथील अभ्यासातून स्पष्ट झाले. तो २००६ मध्ये ‘बायोट्रॉपिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चितळासारखी रवंथ करणारी हरणे गळालेले आवळे खातात आणि पुढे रवंथ करताना कठीण आठोळी तोंडावाटे बाहेर टाकतात. ती पडते मूळ झाडापासून दूर, हरीण विसाव्याला बसले असेल तेथे. फळ खाणारे हरीणच झाडाची पेरणी करते. वानरांचाही यात हातभार असतो. ते जितके खातात तितकेच खाली सांडतात, आणि कान्हासारख्या वनांत त्यांच्या झाडाखाली चितळांचा कळप जमतो तो उगीच नव्हे.

बियांपासून झाड वाढवायला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. कलम तीन-चार वर्षांत फळते, बियांच्या आवळ्याला त्याच्या दुप्पट काळ लागू शकतो. पण वन ही तीन वर्षांची योजना आहे काय? त्याच रानातल्या पुष्कळ वेगवेगळ्या झाडांखालची फळे वेचावीत, आवळ्याबरोबर बेहडा, शिवण, बोर घ्यावे. बोराची आठोळी हलकेच फोडून पेरली तर लवकर रुजते. हरणे कोवळी रोपे खातात, हेही खरे. त्यासाठी शेंडा त्यांच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत काटेरी फांद्यांचे कुंपण आणि राखण लागते. बीजगोळे भिरकावून दुपारपर्यंत घरी परतणाऱ्यांना नेमकी हीच राखण नको असते.

शिवाय चितळ मुख्यतः गवतावर जगते. फळ हा हंगामी आधार. कुरणात खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे त्याच्या ताटावर पाय देणे. भारतातील व्याघ्रक्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग घाणेरीने व्यापल्याचा अंदाज आहे. प्रतिपूरक वनीकरणाचा निधी आधी ती उपटण्यावर खर्च व्हावा. गावाच्या शिवेवर हरणे ओढणारी झाडे तर मुळीच लावू नयेत : हरणे पिकात शिरतात आणि त्यांच्यामागून बिबट्या येतो.

आणि जे आवळे आज रानात उभे आहेत त्यांचे काय? वनोपज गोळा करण्याचा वनवासींचा हक्क निर्विवाद आहे. परंतु बाजाराच्या घाईने फांद्या तोडून सारे फळ ओरबाडले जाते, तेथे चितळासाठी खाली काहीच पडत नाही. प्रत्येक झाडावर काही फळ राखावे आणि फांदी तोडलेला माल व्यापाऱ्याने नाकारावा, एवढा नियम पाळायला रोपवाटिकाही लागत नाही.