चकचकीत रंग आणि कोरा कागद

आषाढात दुरुस्त होऊन दारी आलेल्या मोटारीच्या अंगावर आश्विनाचे ऊन तापू लागताच पुटकुळ्या उठाव्यात, शेजारच्या पत्र्याच्या रुपेरी छटेशी नव्या रंगाची छटा जुळत नाही हे ध्यानी यावे, आणि वरचा पारदर्शक लेप कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटू लागावा, हा अनुभव आता नवलाचा राहिलेला नाही. त्यानंतर जे घडते तेही ठरलेलेच. ‘गाडी कशाने धुतलीत?’ या प्रश्नाने गॅरेजवाला मालकाचे स्वागत करतो. रंगारी रंगाच्या डब्याकडे बोट दाखवतो आणि डबा पुरवणारा रंगाऱ्याच्या हाताकडे. विमा कंपनी आपला संबंध केवळ पैशापुरता असल्याचे सांगते. आणि मोटार बनवणारी कंपनी, दुरुस्ती परभारे झाली, सबब गंजाविरुद्धची हमी लागू नाही, असे कळवून मोकळी होते.

या तंट्याचे मूळ समजण्यासाठी कारखान्यातील रंग आणि गॅरेजातील रंग यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. कारखान्यात मोटारीचा नुसता पोलादी सांगाडा असताना फॉस्फेटची प्रक्रिया, विजेच्या प्रवाहाने हौदात चढवलेला गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि पारदर्शक लेप अशी आवरणे क्रमाने बसतात. त्या सर्वांची जाडी मिळून साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते सातवा हिस्सा भरते, आणि वरचा रंग सुमारे 140 अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्का होतो. गॅरेजात आलेल्या मोटारीत तारा, रबर, प्लॅस्टिक सारे बसलेले असल्याने तिला एवढी आच सोसत नाही. म्हणून तिथे हार्डनर मिसळलेला रंग सुमारे 60 अंशांवर सुकवतात. ही पद्धत हीन मुळीच नव्हे. परंतु तिचे यश रंगापेक्षा रंगापूर्वीच्या तयारीवर अवलंबून असते. घासताना पाणी पुट्टीत मुरले, पावसाळी हवेतली ओल कॉम्प्रेसरच्या नळीतून फवाऱ्यात उतरली, दोन हातांमध्ये पुरेसा अवधी न दिल्याने थिनर आत कोंडला, अथवा सिलिकॉनयुक्त पॉलिशचा अंश पत्र्यावर राहिला, तर पुटकुळ्या, बुडबुडे आणि खड्डे हे त्याचे अटळ फळ होय. शेवटचा लेप चढला की यांपैकी पुष्कळसे दोष दृष्टिआड होतात, आणि मोटार ताब्यात घेताना मालक चकाकी पाहून बिनतक्रार सही करतो.

कायदा दुबळा आहे असे म्हणता येणार नाही. 20 जुलै 2020 पासून अमलात येऊ लागलेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला आणि सदोष सेवेबद्दल सेवा देणाऱ्याला उत्तरदायी धरले आहे; राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत, तक्रार गुदरता येते, आणि वस्तू व सेवेचा मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. मामला अडतो तो पुराव्यापाशी. पत्रा किती ठोकला, पुट्टी किती जाड भरली, कोणता प्रायमर वापरला, याची नोंद कोणाच्याच दफ्तरी नसते. आणि जे रंगाखाली गाडले गेले ते शाबीत करण्याचा भार, ते गाडले जात असताना जो तिथे हजरच नव्हता, त्या मालकावर येऊन पडतो.

गॅरेजवाल्यांची कैफियतही अगदीच निराधार नाही. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, रस्त्यावरचा खडा यांनी चांगला रंगही बिघडतो. आणि कोणी ताज्या रंगावर घाईने पॉलिश चढवले तर त्याचा दोष रंगाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु याच कारणास्तव नोंद ठेवणे त्यांच्याही हिताचे आहे. आपल्या यादीतले गॅरेज सुचवणाऱ्या, सर्वेक्षकाकरवी अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या आणि सर्वसाधारण पॉलिसीत रंगसाहित्यावर 50 टक्के घसारा कापून मालकालाही खर्चाचा वाटेकरी करणाऱ्या विमा कंपनीला तर निव्वळ तटस्थतेचा दावा शोभत नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की पत्रा व रंगकामाच्या प्रत्येक बिलाला एक दाखला जोडणे सक्तीचे करावे: पुट्टी भरल्यावरचे आणि प्रायमरनंतरचे छायाचित्र, रंगाचा सांकेतिक क्रमांक, साहित्याचे नाव व बॅच, पोलादी पत्र्यावर जाडीमापक यंत्राने घेतलेली मायक्रॉनची मोजणी, आणि हमी किती काळ, कोणत्या दोषांपुरती, याचा स्पष्ट उल्लेख. असा दाखला नसेल तर काम नीट झाल्याचे शाबीत करण्याची जबाबदारी गॅरेजवर यावी. मालकांनीही 18 टक्के जीएसटी वाचवण्यासाठी बिलाविना काम करून घेण्याचा मोह सोडावा. कारण ज्याने कागदच घेतला नाही, त्याने हमी कशाच्या आधारे मागावी? मोटार ताब्यात घेताना ती गॅरेजच्या दिव्याखाली नव्हे, उघड्या उन्हात पाहावी, आणि दोष दिसताच लेखी कळवावे. मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाखाली दडलेल्या कामाची हकीकत मांडायला एक पान पुरेसे आहे. ते पान आज कोरे आहे, म्हणून एवढा तंटा.