आजोबा सरकले की जिल्हा?

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या मराठी माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्ही मूळचे कुठले? विचारणारा कधी बेंगळुरूचा असतो, कधी पुण्याचा, आणि दोघांच्याही मनात उत्तर आधीच ठरलेले असते. एकाला वाटते, ही मंडळी केव्हातरी महाराष्ट्रातून इकडे आली. दुसऱ्याला वाटते, बिचारी तिकडे अडकली. अलीकडे या प्रश्नाला कागदपत्रांची धार आली आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. 2 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने कुणबी प्रमाणपत्रांसाठी हैदराबाद गॅझेटच्या आधारावर शासन निर्णय काढला. आणि पणजोबांच्या नावाला एकाएकी भाव आला. उदगीर-निलंग्याच्या ज्या घरांचे भाऊबंद भालकी-औरादला आहेत, त्यांचा शोध मात्र राज्याच्या सीमेशी येऊन थांबतो. एकाच वंशावळीची एक फांदी लाभार्थी, दुसरी परप्रांतीय. म्हणून पूर्वज कुठून आणि कधी आले हे विचारण्याआधी, ते ज्या जिल्ह्यात राहत होते तो जिल्हा कधी आणि कुठे हलला, हे पाहायला हवे. माझ्या मते या भागातल्या कितीतरी तथाकथित स्थलांतरांचे उत्तर तिथेच मिळते.

31 ऑक्टोबर 1956 पर्यंत बिदर हा हैदराबाद राज्यातला एक सलग जिल्हा होता. दुसऱ्या दिवशी अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. पुढे 1982 मध्ये ते लातूरचे झाले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले, आज ते तेलंगणात आहेत. उरलेला बिदर म्हैसूर राज्याला मिळाला. शेजारच्या गुलबर्ग्यातूनही कोडंगल आणि तांडूर आंध्राकडे वळते झाले. आता जनगणनेचा हिशेब पाहा. उदगीर तालुक्यात जन्मलेला आणि भालकीत दुकान टाकलेला माणूस 1951 च्या जनगणनेत जिल्ह्याबाहेर गेलेलाच नव्हता. त्याच माणसाची गणना 1961 मध्ये परराज्यात जन्मलेल्यांत होते. दहा वर्षांत त्याने घर बदलले नाही, दुकान बदलले नाही, कदाचित गल्लाही तोच असेल. संसदेच्या एका कायद्याने तो बसल्या जागी स्थलांतरित झाला. असे आकडे हाती धरून 'सीमाभागात बाहेरून लोक आले' म्हणणाऱ्याने आधी 'बाहेर' केव्हापासून सुरू होते ते सांगावे.

याचा अर्थ कोणी हललेच नाही असा नाही. लोक हलले आणि कारणे ठोस होती. धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन यांचे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाळाजी विश्वनाथांशी आणि पर्यायाने शाहू महाराजांशी फाटले. ते निजामुल्मुल्काला मिळाले आणि त्यांना भालकीची जहागीर मिळाली. सरदार एकटा येत नाही. त्याच्याबरोबर शिलेदार येतात, कारकून येतात, भिक्षुक येतात. हे स्थलांतर खरे आहे, त्याचा काळ माहीत आहे, कारणही माहीत आहे : दरबारी भांडण. पण पंचाईत अशी की भालकीकडच्या पुष्कळ घरांना आपण अशा एखाद्या सरदाराबरोबरच आलो असे सांगायला आवडते. नांगर धरणारा कुळवाडी पिढ्यानपिढ्या तिथेच होता, ही शक्यता अधिक असली तरी ती कमी रुबाबदार वाटते. स्वाभिमानाच्या भरात माणूस स्वतःलाच परका ठरवून बसतो, ते असे.

आधुनिक काळात तर प्रवाह उलटाच दिसतो. 1871 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापूर, गुलबर्गा करीत रायचूरला भिडली. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. 1876 ते 1878 चा दुष्काळ याच वर्षांतला. पोट हातावर असलेल्याला दुष्काळ ढकलत होता, गिरणी बोलावत होती आणि रूळ टाकलेले होते. बंजारा समाजाची कथा त्याहून वेगळी : बैलांच्या तांड्यावर मीठ-धान्य वाहणारे हे लोक रेल्वेमुळे धंद्यातून उठले आणि ठिकठिकाणी स्थिरावले. चिंचोळी, आळंदच्या तांड्यांवरून आजही मुंबई-पुण्याकडे कामाला माणसे जातात. 1948 मध्ये रझाकारांच्या भीतीने, विशेषतः मे महिन्यातल्या गोरट्याच्या हत्याकांडानंतर, या पट्ट्यातली कुटुंबे संस्थानाबाहेर सोलापूरकडे पळाली. सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर तीच वेळ आली. पंडित सुंदरलाल समितीने ती पाहिली, नोंदली. पळालेल्यांतले किती परतले आणि किती तिकडेच राहिले, हे घराघरांतून विचारून ठेवण्याचे काम कोणी हाती घेतलेले नाही, आणि त्या वेळी कळत्या वयात असलेली माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत.

कागद असतील तर ते वाचायचे कसे, हाही प्रश्नच आहे. निजामाच्या राज्यात दरबारी भाषा आधी फारसी आणि 1880 च्या दशकापासून उर्दू. गावचा कुलकर्णी मात्र पुष्कळ ठिकाणी मोडीत लिहीत असे. सन फसली. एखाद्या जुन्या महसुली कागदावर 1322 लिहिले असेल तर ते 1912-13 होय, कारण फसलीत 590 मिळवावे लागतात. तोच आकडा हिजरी समजून वाचला की 1904-05 निघते आणि पणजोबा आठ वर्षे आधी जमीनदार होतात. ही चूक तरी दुरुस्त होते. त्याहून घातक चूक म्हणजे पहिली नोंद म्हणजेच आगमन, असे मानणे. जानेवारी 2023 मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेड येथे पन्नास हजारांहून अधिक बंजारा कुटुंबांना हक्कपत्रे वाटण्यात आली. दोनशे वर्षांनी एखादा अभ्यासक ती चाळून म्हणेल, बंजारे इथे 2023 मध्ये आले. हसू येते, पण फसली सनांच्या नोंदींवरून आज आपण नेमके हेच करतो.

त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आणि बैल घेऊन दारी येणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी ही सरकारी दप्तरापेक्षा जुनी साधने आहेत. त्यांत गावाचे नाव असते आणि आजच्या राज्याचे नसते, ही त्यांची मोठी सोय. पण तिथे नोंद होते ती यात्रेला जाऊ शकणाऱ्याची किंवा हेळव्याला धान्य घालू शकणाऱ्याची. कुलदैवतावरून मूळ ठरवणेही जपूनच करावे. भालकीजवळच्या खानापूर-मैलारच्या खंडोबाला, म्हणजेच मल्लण्णाला, कानडी, मराठी आणि तेलुगू घरे सारखीच मानतात.

यावर कन्नड बाजूचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. नवव्या शतकातला कविराजमार्ग हा ग्रंथ अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारातला, आणि त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे हेच मळखेड. त्यात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. मग इथले मराठी लोक नंतरचेच नाहीत का? एक तर, प्रदेशाची भाषा आणि कुटुंबाचा प्रवास या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. माणसे जागची न हलता दहा पिढ्यांत भाषा बदलू शकतात. मठ, बाजार आणि दरबार बदलला की घरातले बोलणेही बदलते. शिवाय हा पुरावा दुधारी आहे. तो मानला तर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातला कानडी शेतकरी मूळचा ठरतो. आपल्याकडे त्यालाही 'तुम्ही केव्हा आलात' असे विचारले जातेच. आणि मराठी बाजूनेही मोडी दप्तराचा पुरावा ताणू नये. कुलकर्ण्याने हिशेब मोडीत लिहिला यावरून रयत घरी कोणती भाषा बोलत होती ते कळत नाही. सीमावादात महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालापासून सर्वोच्च न्यायालयातल्या 2004 च्या दाव्यापर्यंत गावे मोजण्यात आपली इतकी शक्ती गेली की त्या गावांतली कुटुंबे वाचायची राहून गेली.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : हा सारा वंशावळीचा छंद, त्याने काय साधणार? साधण्यासारखे आता बरेच आहे, अडचणही तीच आहे. इकडे कुणबी प्रमाणपत्र, तिकडे 371 (जे) कलमाखाली कल्याण कर्नाटकात जन्म किंवा रहिवास असल्याचा दाखला. प्रत्येक कचेरीला ठरावीक उत्तर हवे असते आणि कुटुंबे ते शोधू लागतात. गॅझेटिअरमध्ये जातवार लोकसंख्या असते, कुणाच्या पणजोबांचे नाव नसते, हे ठाऊक असूनही त्यावर आशा लावली जाते. सवलतीसाठी केलेला शोध सवलत मिळाली की थांबतो. आणि तो नेहमी बापाच्या बाजूने जातो. या पट्ट्यात सर्वांत जास्त, सर्वांत नियमित हललेली माणसे म्हणजे स्त्रिया : माहेर देवणीचे, सासर औरादचे, लेक निलंग्याला दिलेली. प्रत्येक पिढीत प्रत्येक घरातली एक तरी बाई गाव सोडून आली, पण वंशावळीत तिचे गाव नाही, बहुधा तिचे नावही नाही. 'आमचे पूर्वज इथलेच' म्हणणाऱ्या घरातले निम्मे पूर्वज तरी दुसऱ्या गावचे असतात.

तीन राज्यांत वाटल्या गेलेल्या जुन्या बिदर जिल्ह्याच्या दप्तराची गाववार सूची एकत्र करावी, अशी माझी मागणी आहे, आणि ती कोणाच्याही दाव्याला बांधलेली नाही. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात निजामकालीन कागद आहेत. बिदर आणि लातूरच्या जिल्हा व तहसील कचेऱ्यांत आपापल्या वाट्याचे आहेत. सूची कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दूत असावी, सनापुढे फसली की हिजरी ते लिहिलेले असावे, आणि गाव आजच्या राज्याखाली न लावता 1951 च्या जनगणनेतल्या तालुक्याखाली लावावे. त्यासाठी सीमावादाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. तिन्ही राज्यांच्या महसूल खात्यांनी एकमेकांची दप्तरे उघडून दाखवली, तरी पुरे आहे.